निळी ठिणगी

मोरोक्कोतल्या मेकनेस शहराच्या जुन्या गल्लीत हाजी मफद्दलच्या दाराशी मुंगीला शिरायला वाट नव्हती. आत, खिडक्यांना घोंगड्या ठोकलेल्या खोलीत, बतूल लहानग्या लेकीला, हिबाला, मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी नवरा, जवाद. त्याच्या खिशात हिबाच्या कानाच्या ऑपरेशनचे पैसे. बतूलचा जीव त्या खिशात अडकला होता.

"साखर माझ्याशी बोलते!" हाजी गरजला. "ही साखरेची ढेप उजळली की जगाच्या बाजारात भाव चढणार! साखरेचा वायदा माझ्याकडून घ्या, उद्या सोन्यात लोळा!"

अंधारात बराच वेळ जप चालला. मग हातोडी ढेपेवर आदळली. निळी ठिणगी चमकून विझली.

"सुब्हानल्लाह!" शेजारच्या रकिया मावशींना रडूच फुटलं.

"उद्या पैसे भरतो," जवाद म्हणाला.

घरी बतूलला चैन पडेना. त्यांच्याकडे लग्नाला साखरेची ढेप न्यायची, मयतालाही ढेप. जन्मभर ढेपा फोडल्या, पण अंगणात, लख्ख उन्हात. अंधारात कोण फोडतंय? ती हिबाला घेऊन बिनखिडकीच्या कोठीत शिरली, दार लावलं. हिबा कंटाळून बाही ओढू लागली, तेव्हा बतूलनं ढेपेवर हातोडी मारली.

निळी ठिणगी! पुन्हा मारली, पुन्हा ठिणगी. हिबा टाळ्या पिटू लागली.

दुसऱ्या दिवशी हाजीकडे जप संपताच बतूल अंधारात उभी राहिली. "हाजीसाहेब, आज ढेप माझी. हिबा फोडेल."

"पोरीच्या हातात कसली आलीय बरकत?"

"फोडू द्या की! घाबरता कशाला?" रकिया मावशी कडाडल्या.

हिबानं ठोकलं. ठिणगी. परत ठोकलं. ठिणगी.

"आता न उजळणारी, भाव पडणार असं सांगणारी ढेप दाखवा," बतूल म्हणाली. "ती कुठल्या दुकानात मिळते?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

बतूलनं खिडकीवरची घोंगडी ओढली. "साखरेचा खडा फुटताना ठिणगी पडतेच. कॉलेजात शिकले होते, पण काल इथं आठवलंच नाही. जप कशाला? आपले डोळे अंधाराला सरावावेत म्हणून! अन् भाव चढो की पडो, यांची दलाली पक्की."

जवादनं पैसे तिच्या हातात ठेवले. बाहेर आल्यावर मात्र त्याला राहवेना. "पण भाव चढेल की पडेल?"

"मला माहीत नाही. त्यालाही नव्हतं. मी निदान तसं सांगते तरी. चल, दवाखाना बंद होईल."

चमत्काराला नमस्कार करण्याआधी तो एकदा आपल्या कोठीत करून पाहावा. हात जोडायला नंतर वेळच वेळ आहे.