डबी तुमची, मॅडम

‘स्वतःचं अॅडॉप्टर असल्यास तेच वापरा.’ इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनची ती जाहिरात मी तीनदा वाचली, मगच पैसे भरले. आमच्याकडे अॅडॉप्टर होतं. माझ्या लेकीने, सेजलने, पुण्याची खोली सोडताना कपड्यांत गुंडाळून आणलेली काळी डबी. एका बाजूला नेटची वायर, दुसऱ्या बाजूला घरातला साधा फोन, झालं.

रस्ता रुंद करताना आमच्या कोरगावातली टेलिफोनची तार तुटली ती तुटलीच. माझ्या सासूबाईंना मोबाइलवर ऐकू येत नाही. स्पीकर लावला तर म्हणतात, “डब्यात कोण बोंबलता?” त्यांना जुना जड रिसीव्हर कानात रुतवून धरावा लागतो. आणि रोज चार वाजता सुर्ल्याला बोलावं लागतं, धाकट्या बहिणीशी, सोनामावशीशी. मावशी सहा महिने अंथरुणात आहे. डॉक्टर म्हणाले, काय ते बोलून घ्या. सासूबाईंना कंबर मोडल्यापासून गाडीत बसवत नाही. फोन नाही तर बहीण नाही.

डबी जोडली. नेटचा दिवा हिरवा लागला. फोन मात्र मुका.

मोबाइल घेऊन सोप्यावर बसले आणि कंपनीला लावला.

“डिव्हाइस कुणाचं आहे, मॅडम?”

“माझं.”

“मग त्याला आमचा सपोर्ट नाही.”

“अगं, जाहिरात तुमचीच ना?”

“सेवा आमची, डिव्हाइस तुमचं. आमचं घेता का? आणखी काही मदत करू शकते का?”

आणखी! आधी कुठली केली होतीस, बाये? पाकात बुडवलेला तो आवाज ऐकून मला शिसारी आली. आठ दिवसांत अकरा जण झाले. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, प्रत्येकाने डबी कुणाची तेच विचारायचं.

रोज चारला सासूबाई पदर सारखा करून फोनसमोर बसायच्या. उचलायच्या, ऐकायच्या, ठेवायच्या.

“आजय मेलो?”

“उद्या होईल, आई.”

सहाव्या दिवशी सुर्ल्याहून मावशीच्या सुनेचा, सुविधाचा मेसेज आला. ‘आई विचारतात, ताई रुसली काय?’ तो मी वाचून दाखवला नाही.

नवव्या दिवशी कंपनीचा अमोल आला. मी वायरी काढून डबी त्याच्यापुढे धरली. मेलेल्या उंदराकडे बघावं तसं त्याने डबीकडे पाहिलं. “पर्सनल आहे. हात लावायची परमिशन नाही.” येऊन गेल्याचा पुरावा म्हणून फोटो तेवढा काढला. जाताना वाकून म्हणाला, “काकी, भोकात लाल काय ते?”

बॅटरी मारून बघते तर कुंकू. फोनच्या पिनेच्या भोकात ओलं कुंकू थापून सुकलेलं, वर अबोलीची एक पाकळी. मिक्सर आला, स्कूटर आली, तशी ही डबीही सासूबाईंनी देवापुढे ठेवली होती. दिसेल तिथे बोट टेकवलं होतं.

मग स्वतःचीही शिसारी आली. अकरा जणांना शिव्या घातल्या, पण डबी उलटी करून बघितली नाही. तरी एक सांगते, त्या अकरांपैकी एकानेही ‘आत बघा’ म्हटलं नव्हतं.

घरात स्पिरिट नव्हतं. जुना टूथब्रश फेणीत बुडवून भोक घासलं, डबी उन्हात ठेवली. सासूबाईंनी वास घेतला.

“भर दिसाची फेणी गो?”

“डबीला दिली, आई. दमली होती ती.”

कुंकवाचं मी बोलले नाही.

चार वाजायला पाच मिनिटं असताना वायर लावली. रिसीव्हरमध्ये गुणगुण. त्याच वेळी मोबाइलवर मेसेज आला, ‘आमच्या प्रतिनिधीने आपली तक्रार सोडवली आहे. किती तारे द्याल?’ मी मोबाइल पालथा घातला आणि सुर्ल्याचा नंबर फिरवून दिला.

“सोना? मी गो.”

सासूबाईंची बोटं वायरीत गुंतलेली. मग एक चिरका आवाज मलाही ऐकू आला.

“इतके दीस खंय होतंस?”

“मी खंय जातंय! मेल्यांनी तार तोडल्यानी. जेवलंस? निस्त्याक खंयचो मासो होतो?”

“पेज गो. निस्ता आता खंयचा माका.”

सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

“बरा, मग आयक. आज आमच्याकडे बांगड्यांचा हुमण. पाच होते, ताजे. तिरफळां मी स्वतः ठेचलंय...”