सदर हास्य

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली तेव्हा आत दोन माणसं होती. एक आमची ही, आणि दुसरे चाकांच्या खुर्चीतले पाहुणे, वय वर्षं पंच्याऐंशी. मी, म्हणजे लिफ्टचा मिस्त्री, जिन्यात होतो आणि थिएटरचे मॅनेजर धापा टाकत माझ्या मागून येत होते.

"आजच अडकायचं होतं का हिला? वर हॉल भरलाय, स्टेजवर माईक लावलाय, आणि प्रमुख पाहुणे मधेच लटकलेत!"

"लटकलेत कुठे, बसलेत. फ्यूज उडालाय नुसता. दहा मिनिटं द्या."

"आणि आतला दिवा?"

"तोही गेलाय. घाबरू नका, माझी बायको आहे सोबत. ती कधी आरडाओरडा करत नाही."

हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात हिचा आवाज शेजारच्या खोलीत गेलेला मला आठवत नाही. हसायची तीसुद्धा ओठ मिटून, नुसत्या डोळ्यांनी. मला वाटायचं, स्वभावच गंभीर.

गच्चीखालच्या मशीन रूममध्ये शिरलो, मेन स्विच पाडला, एका हाताने ब्रेकचा दांडा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवू लागलो. असं चाक फिरवून लिफ्टचा डबा इंच इंच वर घ्यावा लागतो. दोर ज्या भोकातून खाली जातात तिथून खालचं सगळं ऐकू येतं. माझं अर्धं आयुष्य त्या भोकाला कान लावण्यात गेलं. कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, कुठली पट्टी सैल झालीय, हे मी न बघता सांगतो. निवृत्त झालो तरी या जुन्या लिफ्टसाठी थिएटरवाल्यांना मीच लागतो, तो या कानांमुळे.

आणि तेवढ्यात खालून हसू आलं.

आधी खालच्या पट्टीत, मग पायऱ्या चढल्यासारखं वर, मध्येच थबकलेलं, आणि मग सगळं सोडून देऊन पुन्हा एकदा. माझा हात चाकावरच राहिला. हे हसू मला पाठ होतं. ज्या सिनेमासाठी आज हॉल भरला होता, त्या सिनेमाच्या नायिकेचं हे हसू. पण सिनेमा अजून सुरू झाला नव्हता, आणि नायिका जाऊन अकरा वर्षं झाली होती.

तो सिनेमा मी एकतीस वेळा पाहिलाय. दुकानात बटणं विकणारी एक मुलगी असते. आपल्याला कोणी ओळखत नाही याचं तिला भारी दुःख. मग ती वर्तमानपत्रात जाऊन स्वतःच्याच फोटोखाली जाहिरात देते, 'हरवली आहे.' सगळं गाव तिला शोधायला लागतं. भिंतीभिंतींवर तिचा फोटो, चहाच्या टेबलावर तिच्या गप्पा. अशी ती प्रसिद्ध होते, पण 'मी इथे आहे' असं म्हणायची सोय उरत नाही. म्हटलं की प्रसिद्धी संपली. चष्मा लावून, टोपी ओढून ती गर्दीतून हिंडते आणि आपल्याबद्दलच्या अफवा कान देऊन ऐकते. तिची जाहिरात ज्याने लिहून घेतली, तो वर्तमानपत्रातला कारकून तिच्या प्रेमात असतो. शेवटी एका काळोख्या नाटकगृहात तो तिला ओळखतो, नुसत्या हसण्यावरून. मग तिला ठरवावं लागतं, एकाला सापडायचं की सगळ्यांना शोधत ठेवायचं.

दर वेळी सिनेमा बघून आलो की मी हिला म्हणायचो, "हसू असावं तर असं!" ती म्हणायची, "हात धुवा, जेवायला वाढते."

बरं, ही लग्नाआधी त्याच स्टुडिओच्या ऑफिसात टायपिस्ट होती. बघायला गेलो तेव्हा मी दुसरं काही विचारलंच नव्हतं. "तुम्ही त्यांना पाहिलंय? प्रत्यक्ष?" तर ही म्हणाली होती, "लांबून." मला तेवढंही पुरलं होतं. पण सिनेमाला मात्र ती माझ्याबरोबर कधी आली नाही. कधी डोकं दुखायचं, कधी पाहुणे यायचे. आज मॅनेजरांनी दोन पास दिले, गुडघ्यांसाठी लिफ्ट होती, आणि मी हट्टाला पेटलो म्हणून ती आली.

डबा तिसऱ्या मजल्याला लावला, खाली धावत आलो आणि दार ओढलं. खुर्चीतले पाहुणे रुमालाने डोळे पुसत होते. हीसुद्धा.

"आत्ता कोण हसलं?" मी विचारलं.

ही पाहुण्यांची खुर्ची सरळ करायला लागली.

"कोण हसलं म्हणतो मी! रेडिओ आहे का तुमच्याकडे?"

पाहुणे म्हणजे त्या सिनेमाचे रेकॉर्डिस्ट. अख्ख्या युनिटमधले तेवढेच हयात होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे.

"यांना सांगितलं नाहीस तू?"

"कसं सांगणार? सही केली होती ना," ही म्हणाली.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. लिफ्टच्या दारात उभा होतो, म्हणून हे शब्दशः खरं वाटून मी चौकट धरली.

मग रेकॉर्डिस्टनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. नायिका दिसायला सुरेख, पण हसायला लागली की सेटवरचे दिवेवाले खाली बघायचे. अशातच एकदा ऑफिसच्या खिडकीतून त्यांना हिचं हसणं ऐकू आलं. एका दुपारी माईकसमोर हिला सतरा वेळा हसवलं आणि ते नायिकेच्या तोंडी घातलं. बाहेर फुटू नये म्हणून मालकांनी करारपत्र केलं. ते टाइप करायला ऑफिसात दुसरं कोण होतं? हिनेच केलं.

"काय होतं त्यात?" मी विचारलं.

हिने डोळे मिटले आणि पाठ म्हटल्यासारखं म्हणाली, "सदर हास्य ही कंपनीची मालमत्ता राहील. लिहून देणार यांनी सदर हास्य इतरत्र, खाजगी अथवा सार्वजनिक ठिकाणी, वापरू नये."

"आणि तू नाही वापरलंस."

"सही केली होती ना."

रिकाम्या रस्त्यावरही लाल दिवा लागला की थांबणारी बाई आहे ही. लायब्ररीचं पुस्तक एक दिवस आधी परत करते. हे सगळं मला माहीत होतं, याचं कौतुकही होतं. पण माणूस हसणं करारात लिहून देतो आणि तो करार पाळतो? चाळीस वर्षं? आपल्या स्वयंपाकघरात?

"अहो, कंपनी बुडून तीस वर्षं झाली," रेकॉर्डिस्ट म्हणाले. "तेच हिला आत सांगितलं."

"मला तसं पत्र नाही आलं," ही म्हणाली, आणि दोघंही पुन्हा डोळे पुसायला लागली.

मला मात्र हसू येईना. एकतीस वेळा जे ऐकायला गेलो ते माझ्या घरी होतं, आणि सुटलं तेव्हा एका परक्या माणसासमोर सुटलं, मी वर चाक फिरवत असताना. मला सरळ सरळ मत्सर वाटला. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाचा.

हॉलमध्ये शिरताना हिने माझी बाही धरली. "कुठे बोलू नका हं."

"नाही गं."

सिनेमा सुरू झाला. मी पडद्याकडे कमी आणि हिच्याकडे जास्त बघत होतो. हसण्याची जागा आली, हॉल टाळ्यांनी दुमदुमला, मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "आता कुठे असं हसतं कोणी!" ही मांडीवर पर्स धरून बसली होती, बसथांब्यावर बसतात तशी. आणि माझ्या डोक्यात वारं शिरलं. हे सगळे ज्याला टाळ्या वाजवतायत ते माझ्या घरचं आहे, आणि एकालाही ठाऊक नाही! उद्या पेपरात हिचा फोटो येईल. बाजूला माझा. बिल्डिंगमधले लोक जिन्यात थांबवून विचारतील. बटणं विकणाऱ्या त्या मुलीला मी एकतीस वेळा हसलो होतो, पण ते मला तेव्हा आठवलं नाही.

सिनेमा संपला. स्टेजवर मॅनेजरांनी रेकॉर्डिस्टना विचारलं, "त्या प्रसिद्ध हास्याबद्दल काही सांगा ना." रेकॉर्डिस्टनी एकदा आमच्या रांगेकडे पाहिलं. "चांगलं रेकॉर्ड झालं होतं," ते म्हणाले आणि माईक परत देऊ लागले.

मी ताडकन उठलो.

"ते हसू तिचं नाहीच! ते माझ्या बायकोचं आहे. ही बघा, ही इथे बसलीय!"

सगळ्या माना आमच्या रांगेकडे वळल्या. मग कुठून तरी कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. पुढच्या रांगेतला एक जण मान वळवून म्हणाला, "मग हसा ना बाई!" आणि बघता बघता अख्खा हॉल ठेक्यात ओरडायला लागला, "हसा! हसा! हसा!"

ही उठून उभी राहिली. पर्स खुर्चीवर ठेवली. गडबड थांबेपर्यंत थांबली आणि मग ऑफिसात साहेबांशी बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "माफ करा. आमच्या ह्यांचा हा फार आवडता सिनेमा आहे. एकतीस वेळा पाहिलाय त्यांनी. कधी कधी त्यांना असं वाटतं."

लोकांनी प्रेमाने टाळ्या वाजवल्या. मी वेड्यासारखं स्टेजकडे बघितलं. "तुम्ही सांगा! तुम्ही तर होतात तिथे!"

रेकॉर्डिस्ट हिच्याकडे बघत होते. हिने मान हलवली, इतकी थोडी की शेजारी मी होतो म्हणून मला दिसली.

"आता वयामुळे नीट आठवत नाही," ते माईकमध्ये म्हणाले.

मी खाली बसलो. मागची बाई माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाली, "असू दे काका, आमच्या घरीही असंच असतं."

परत जाताना रेकॉर्डिस्टना लिफ्टने मीच खाली सोडलं. ही जिन्याने गेली, गुडघे दुखत असूनही. लिफ्टमध्ये ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "अंधारात मी एक फालतू विनोद केला, आणि हिची उचकी ऐकली. त्या उचकीवरूनच ओळखलं मी हिला."

"उचकी?"

"हसण्याआधी हिला एक उचकी लागायची. दर वेळी. सतरा वेळा हसली, सतरा उचक्या. त्या टेपवरून कापून काढायला मला दोन दिवस लागले. सिनेमात आहे ते त्यानंतरचं."

तळमजला आला. मी दार उघडायला विसरलो.

उचकी मला माहीत होती. उचकी तर मी एकोणचाळीस वर्षं ऐकत होतो. बघायला गेलो तेव्हा मी खुर्ची समजून स्टुलाच्या कडेवर बसलो आणि घसरलो, तेव्हा हिला पहिली उचकी लागली होती. मी उलटा स्वेटर घालून साहेबांच्या घरी निघालो तेव्हा लागली होती. माझ्या निरोपसमारंभात मी भाषण विसरून लिफ्टच्या सूचना म्हणायला लागलो तेव्हा तर तिला बाहेर जावं लागलं होतं. "कोणीतरी आठवण काढतंय तुझी," मी म्हणायचो आणि पाणी आणून द्यायचो. तीन डॉक्टर केले. एकाने पित्त सांगितलं, एकाने मन, तिसऱ्याने मला तिच्यासाठी काढा घ्यायला लावला. सिनेमात उचकीशिवायचं हसू होतं आणि माझ्या घरात हसण्याशिवायची उचकी. बेअरिंगची कुरकुर ओळखणारा माझा कान!

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. चार थांबे गेले. मग न राहवून म्हणालो, "कराराचं राहू दे, कंपनी बुडाली. तिथे हॉलमध्ये तू 'नाही' असं का म्हणालीस?"

ती खिडकीतून बघत होती. "तो सिनेमा लागला की तुम्ही पहिल्या दिवशी जायचात. मी घरी कणीक मळताना घड्याळ बघायचे. म्हणायचे, आता ऐकत असतील. माझंच ऐकायला गेलेत, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, पण मला होतं. मी तुम्हाला एकट्याला सापडले होते हो. तुम्ही सगळं थिएटर बोलावलंत."

मी तिच्याकडे वळलो. "एकदा... मला एकदा ऐकव. घरी गेल्यावर. दार लावून."

"ते लिफ्टमध्ये आलं ते आलं. आता मागितलं म्हणून नाही येत." आणि मग, माझी कीव आल्यासारखं, तिने माझ्या हातातला बसचा पास नीट पाकिटात ठेवला.

आज सकाळची गोष्ट. मी दाढीचा साबण तोंडाला लावून घरभर चष्मा शोधत होतो. कपाट उघडलं, उशा उचलल्या, डब्यांमागे बघितलं. हिच्यावर ओरडलो, "तूच ठेवला असशील कुठेतरी!" आणि वाकलो तसा तो कपाळावरून घसरून साबणात पडला.

मागून उचकी आली.

मी वळलो नाही. सवयीने स्वयंपाकघरात गेलो आणि पेला भरला. काठोकाठ झाला, पाणी थोडं सांडलं. आणून तिच्यासमोर ठेवला. "कोणीतरी आठवण काढतंय वाटतं," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली, आणि नेहमीसारखे दोन घोट प्यायली.