अडतीसवर अडलेली फियाट

आमच्या फियाटच्या ॲक्सिलरेटरखाली सागाचा एक ठोकळा होता, आणि तो मी बसवून घेतला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे दोन हुशार पुरुष तीन दिवस अंगणात डोकं खाजवत उभे राहिले, त्यांची तुम्हाला उगाच काळजी वाटायला नको.

त्यातले एक आमचे हे, श्रीकृष्ण. पुसदच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ह्यांनी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. तरफ, घर्षण, गती, त्वरण, सगळं फळ्यावर. दुसरा उकंडा, गॅरेजवाला. त्याला ह्यांनीच बारावीला भौतिकशास्त्रात नापास केलं होतं. पोराने ते मनाला लावून घेतलं नाही, गॅरेज काढलं, आणि आज सरांची गाडी बंद पडली की सरच त्याला फोन करतात.

आता ठोकळ्याचं. बावीस वर्षांपूर्वी, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, आम्ही उमरखेडला माझ्या बहिणीकडे, शीलाकडे निघालो होतो. मागच्या सीटवर मी आणि नऊ वर्षांचा श्रेयस. पुढे एसटी होती, आणि एसटीच्या मागे राहणं आमच्या ह्यांच्या शिक्षणाला शोभत नव्हतं. वळणावर ह्यांनी गाडी बाहेर काढली, समोरून पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर आला, आणि आम्ही रस्ता सोडून कुणाच्या तरी तुरीत जाऊन उभे राहिलो. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. श्रेयसची एक चप्पल तेवढी सापडली नाही. पुढे प्रत्येक लग्नात जेवताना ह्यांनी ही गोष्ट सांगितली. दर लग्नाला ट्रॅक्टर थोडा जवळ यायचा आणि ह्यांचं ड्रायव्हिंग थोडं सुधारायचं. लोक हसायचे. मी पाणी आणायला उठायची.

मी तेव्हा एसटीच्या आगारात लिपिक होते. अपघातांची नोंदवही माझ्याच टेबलावर असायची. नाव, वय, कुठून कुठे, जखमी की मयत. त्या आठवड्यात मी रोज वही उघडून वयाच्या रकान्यावर पेन धरायची आणि तिथे नऊ लिहायची वेळ आली असती तर हात चालला असता का, हे बघायची. मी फार भ्याले होते. ह्यांना सांगूनही पाहिलं. सांगून काय होतं, ते संसार केलेल्या कोणत्याही बाईला विचारा.

मग ह्यांना पेपर तपासायला अमरावतीला जावं लागलं, तेव्हा मी बाबूसिंग सुताराला बोलावलं. त्याने कारण विचारलं नाही. पेडल दोनदा दाबून पाहिलं, अडीच बोटं जाडीचा ठोकळा तासला, पेडलखाली दोन स्क्रूंनी पक्का केला, वर गालिचा ओढला आणि त्यावर रबरी मॅट टाकली. जाताना एवढंच म्हणाला, "बाई, आता हे गाडी पन्नास-साठच्या वर नाई जाईन." मला पन्नासच पाहिजे होते.

तेव्हापासून गाडीचा दम गेला आणि आमच्या घराला बोलायला विषय मिळाला. कार्बोरेटर दोनदा बदलला. प्लग बदलले, टाकी धुतली. इथल्या पेट्रोलमध्ये भेसळ असेल म्हणून महागावहून कॅनमध्ये पेट्रोल आणून पाहिलं. सहा मेकॅनिक येऊन गेले आणि सहाही जणांनी बॉनेट उघडलं. मॅट उचलायची तर खाली वाकावं लागतं, आणि विद्वान माणसं उभ्यानेच विचार करतात. मी सगळ्यांना चहा दिला.

गेल्या दिवाळीनंतर ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हलकंच. तीन महिन्यांत चालायला लागले, डॉक्टरांनी गाडी चालवायलाही हो म्हटलं. पण जिन्याच्या पहिल्या पायरीवर हे अजूनही थांबतात आणि उजव्या पायाकडे बघतात, परीक्षेला बसलेल्या कच्च्या पोराकडे बघावं तसं. कोणी विचारलंच तर म्हणतात, "पायाले काही नाही झालं." आणि बरोबर त्याच दिवसांत ह्यांनी ठरवलं की कार्बोरेटरच काढून टाकायचा आणि चाळीस वर्षं जुन्या गाडीला त्याच्या जागी नव्या गाड्यांसारखं फ्युएल इंजेक्शन बसवायचं. श्रेयस पुण्याला इंजिनांच्याच कामात आहे, त्याने सामान पाठवलं. त्याला वाटलं, बाबांना छंद लागला. मला दिसत होतं की गाडी खराब आहे, पाय नाही, एवढं ह्यांना एकदाचं सिद्ध करायचं आहे.

जुन्या गाडीत पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत लोखंडी दांड्या होत्या. नव्या सामानाला केबल लागते. पहिला दिवस दांड्या काढण्यात आणि इंजिनाच्या मागच्या पत्र्याला भोक पाडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी उकंडाने केबल ओवली.

"केबलले वळण गोल पाहिजे सर," तो म्हणाला. "कोपरा झाला का अडकते."

"मले घर्षण शिकवून राह्यला का तू?"

"नाई सर. तुमीच शिकवलं होतं."

"मंग नापास कसा झाला?"

"पेपरात केबल नव्हती सर."

तिसऱ्या दिवशी बॉनेटजवळ स्टुलावर लॅपटॉप मांडला. केबलच्या दुसऱ्या टोकाला हवेची झडप असते, ती किती उघडली ते लॅपटॉपवर टक्क्यांत दिसतं. पाय काढला की शून्य, पेडल तळाला टेकलं की शंभर. श्रेयस फोनवर, व्हिडिओ लावून. हे ड्रायव्हरच्या जागी, नवा शर्ट घालून. मी पायरीवर तूर निवडत बसले होते. तूर दोन वेळा निवडून झाली होती.

"दाबा सर."

"दाबलं."

"पुरं दाबा."

"पुरंच दाबून राह्यलो ना."

"अडतीस," उकंडा म्हणाला.

मग उकंडाने केबल ताणून बांधली. आता आकडा शंभरपर्यंत गेला, पण पाय काढल्यावर बासष्टच्या खाली उतरेना. "असं ठेवलं तं चाबी फिरवल्याबरोबर गाडी कंपाउंडच्या पलीकडं जाईन," तो म्हणाला आणि पुन्हा सैल केली. पुन्हा अडतीस. वळण बदललं, अडतीस. तेल सोडलं, अडतीस. ह्यांनी पाठीवर जोर देऊन, दात आवळून दाबलं. अडतीस.

"बाबा, पेडल नक्की तळाला टेकतंय का?" श्रेयसने फोनमधून विचारलं.

"टेकते."

"मग एक करा ना. दुसऱ्या कोणाला तरी दाबायला सांगून बघा."

पोरगा स्वभावाने चांगला आहे, फक्त बोलतो. ह्यांनी उकंडाकडे पाहिलं. उकंडाने दोन्ही हात वर करून दाखवले, जसं काही पेडल हाताने दाबायचं होतं. "मले इकडं केबल पाहा लागते सर," तो म्हणाला आणि इंजिनात इतका खाली वाकला की फक्त पाठ दिसत राहिली. आपल्या पायाखाली शंभर आले तर काय, याची त्याला भीती वाटत होती. नापास करणाऱ्या मास्तरला नापास करायची संधी चालून आली होती आणि त्याने ती घेतली नाही. मला तो तेव्हा फार आवडला.

हे दाराला धरून हळूच उतरले आणि माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसले.

"कुंदा, गाडी चांगली आहे," ते म्हणाले. "माह्या पायातच जोर नाही राह्यला."

स्वतःच्या विद्यार्थ्यासमोर बोलले. मोठ्याने वर्ग घेणारा हा माणूस इतक्या हळू बोलू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

"विकून टाकू," ते म्हणाले. "श्रेयसले सांग गिऱ्हाईक पाहाले."

बावीस वर्षं मला हेच पाहिजे होतं. गाडी जाणार, ठोकळा गाडीबरोबर जाणार, आणि कोणाला कधीही काही कळणार नाही. मी फक्त "बरं" म्हणायचं होतं. म्हणणारही होते, खोटं कशाला सांगू. पण ते गुडघ्यावरून हात फिरवत होते, अगदी हळू, रुसलेल्या लेकराची समजूत काढावी तसा. त्या पायाला दोष माझ्यामुळे लागला होता.

मी तुरीचं ताट खाली ठेवलं आणि ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले. तिथे मी जन्मात कधी बसले नव्हते. पेडल सापडायलाच वेळ लागला. सापडल्यावर दोन्ही पाय त्यावर ठेवले आणि स्टिअरिंगला धरून जवळजवळ उभीच राहिले.

"उकंडा, आकडा सांग."

"अडतीस, काकू."

"माह्या पायाले तं काही झालं नाही," मी म्हटलं. "मॅटीच्या खाली ठोकळा आहे. मीनंच बसवून घेतला."

फोनमधून श्रेयस "काय?" म्हणाला. उकंडाने मॅट उचलली, गालिचा फाडला. स्क्रू गंजले होते, त्यात बाबूसिंगचं काम, सहज सुटलं नाही. ठोकळा निघाला तेव्हा ह्यांनी तो हातात घेतला आणि चारी बाजूंनी बघितला. वरच्या अंगाला पेडलने खळगा पाडला होता.

"कवा बसवला?"

"श्रेयसची चप्पल हरवली, तवा."

"त्यात काय झालं होतं? कोनाले खरचटलंबी नव्हतं."

"खरचटायची वाट नव्हती पाहायची मले."

"बावीस वर्षं?"

"बावीस."

"आन् मी दोन कार्बोरेटर बदलले."

"मी पाहत होती ना."

"सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तुमी काढला असता," मी म्हटलं. "मले भेव वाटत होतं. अजूनही वाटते."

ते उठले आणि गाडीत जाऊन बसले. उजवा पाय उचलून पेडलवर ठेवला आणि दाबला.

"शंभर," उकंडा म्हणाला.

"नीट पाहा."

"शंभरच आहे सर."

त्यांनी पाय काढला. शून्य. पुन्हा दाबला. शंभर. इंजिन सुरूच नव्हतं, गाडी जागची हलत नव्हती, आणि आमचे हे दाबत होते, उकंडा वाचत होता. पाच वेळा, सहा वेळा. सातव्या वेळी ह्यांनी चष्मा काढून शर्टाने पुसला. मी पुन्हा तूर निवडायला घेतली. मला एकही दाणा दिसत नव्हता.

थोड्या वेळाने फोनवरून श्रेयसने सांगितलं की पेडलखाली काहीतरी अडसर लावा, नाहीतर शंभरच्या पुढे दाबलं की केबल ताणून ताणून तुटेल.

"म्हणजे ठोकळा तं पाहिजेनच काकू," उकंडा म्हणाला. "जाडी तेवढी चुकली."

ह्यांनी पेन्सिलने त्यावर रेघ मारली, उकंडाने कापून घासला, आणि अडीच बोटांचा ठोकळा अर्धा बोट होऊन परत आपल्या जागी गेला. माझ्याशी हे दोन दिवस बोलले नाहीत. कामापुरतं मीठ मागितलं, तेही भिंतीकडे बघून.

तिसऱ्या दिवशी शीलाकडे जायचं होतं. "बस," म्हणाले आणि पुढचं दार उघडलं. त्या तुरीच्या दिवसापासून मी मागेच बसत आले होते. आज पुढे बसले. पर्समध्ये बीपीच्या गोळ्या घेतल्या, माझ्या.

गाव सुटलं. गाडी पन्नासवर आली आणि पन्नासवर राहिली. मी काट्याकडे बघत होते. मोटारसायकली पुढे गेल्या, एक टेंपो पुढे गेला.

"आता गाडीत दम आहे," ह्यांनी सांगितलं. "पण रस्ता बरा नाही."

रस्ता नवा होता, सरळ होता, आणि दूरवर कोणी नव्हतं.

मग मागून एसटी आली. हॉर्न दिला, शेजारून निघाली आणि पुढे गेली. खिडकीतून एका पोराने आमच्याकडे बघून हात हलवला. मी दाराच्या वरची कडी धरली. आता हे चिडणार, आता बाहेर काढणार. ह्यांनी काहीच केलं नाही. ह्यांचा पाय जिथे होता तिथेच होता. अडतीस टक्क्यांपाशी, जिथे तो बावीस वर्षं टेकायचा. तिथे आता काही अडत नव्हतं, तरी तो पुढे जात नव्हता. ज्या माणसाला भिऊन मी ठोकळा बसवला होता, तो माणूस या गाडीत राहिलाच नव्हता. आणि मला, एवढं सगळं करून, त्याची आठवण आली.

"अहो," मी म्हटलं. "दाबा ना थोडं."

ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "कोनाले म्हणून राह्यली?"

"तुमाले. रस्ता मोकळा आहे. मी पाह्यलं."

त्यांनी पुन्हा समोर रस्त्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज बदलला. पंचावन्न, साठ, पासष्ट. एसटीचा मागचा दिवा जवळ यायला लागला. मी कडी घट्ट धरून ठेवली आणि थांबा म्हटलं नाही.