नागोजी अण्णांचा पहिला नंबर

बहिणींच्या सह्या मिळवण्यात नागोजी अण्णांचा हात धरणारा कंग्राळीत कोणी नव्हता. जागेच्या धंद्यात ही कला लागते. बेळगावच्या या अंगाला शेतं संपून प्लॉट सुरू झाले, तसं प्रत्येक शेताला एक बहीण असल्याचं लोकांच्या लक्षात येऊ लागलं. उताऱ्यावर बापाचं नाव, बाप वारलेला, भाऊ विकायला तयार. आणि लांब कुठंतरी दिलेली बहीण कायद्यानं वाटणीदार. मग भाऊ अण्णांकडं यायचा. अण्णा शहापूरच्या मागावरची एक साडी घेऊन त्या बहिणीच्या घरी जायचे, चहा घ्यायचे, तिच्या आईच्या हातच्या भाकरीची आठवण काढायचे आणि उठता उठता म्हणायचे, "ताई, माहेर तुटू द्यायचं न्हाय बघा." बहीण सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत येऊन हक्क सोडायची, साडी घेऊन परत जायची आणि माहेर तुटायचं नाही. अण्णा साड्या ठोकानं आणत. ऑफिसातल्या कपाटात वर फायली असत आणि खाली साड्या.

याची सुरुवात त्यांनी स्वतःच्या घरापासून केली होती. थोरली बहीण मालुबाई निपाणीला दिलेली. वडलांच्या माघारी गोठणीच्या शेतावरचा हक्क तिनं सोडला. त्या शेताचे पुढं प्लॉट पडले आणि त्यातल्याच रस्त्याकडच्या कोपऱ्यावर अण्णांचं ऑफिस उभं राहिलं. मालुबाईला साडी मिळाली. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. रीतच तशी आहे. हक्क न सोडणाऱ्या एका बहिणीचं नाव गावात अजून आवाज खाली करून घेतात.

अण्णांचं दुःख वेगळंच होतं. पूर्वी गिऱ्हाईक परसूच्या चहाच्या टपरीवर उतरायचं, "जागा दाखवणारं कोण आहे का इथं?" म्हणून विचारायचं आणि परसू अण्णांच्या ऑफिसाकडं बोट करायचा. आता गिऱ्हाईक मोटारीतनं उतरतच नव्हतं. फोनात बघून सरळ पुढं जायचं.

"अण्णा, तुमी फोनात न्हाईसा," परसूनं एक दिवस सांगितलं.

"न्हाय म्हणजे? फोन हाय की माझ्याकडं."

"तसं न्हवं. कंग्राळीत जागा म्हणून टाकलं की रवळू येतोय पयला. तुमी पार तळाला, बोअरच्या पाण्यागत."

रवळू म्हणजे कालपरवापर्यंत अण्णांची गाडी चालवणारा माणूस. अण्णांनी चहा अर्धा टाकला. आपण दाखवलेल्या जागांवर अर्धी नवी कंग्राळी वसली, आणि गूगलला रवळू ठाऊक! काहीही झालं तरी पहिलं नाव आपलं दिसलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्यांनी त्या दिवशी मनात धरली. ते त्यांना मिळालंही. पुढं जे झालं त्याची तक्रार करायची तर या मागण्यापासूनच करावी लागेल.

मालुबाईचा मुलगा मंथन पुण्यात हेच काम करून निपाणीला परतला होता. दुकानांना, दवाखान्यांना सर्चमध्ये वर आणायचं. अण्णांनी त्याला बोलावून घेतलं.

"एसईओ म्हणतात मामा याला."

"म्हणू देत. करायचं काय?"

"लोक काय विचारतात ते शोधायचं, आणि त्याचं उत्तर आपण आधीच देऊन ठेवायचं."

"म्हणजे परसू."

"हां, परसूच. फक्त हा झोपत नाही."

अण्णांच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, स्वयंपाकघरातनं विचारलं, "लिहून-बिहून काय घेतलंसा काय त्याच्याकडनं?"

"बहिणीच्या पोराकडनं लिहून घेऊ?" अण्णा खरोखर दुखावले. गावातल्या झाडून सगळ्या बहिणींकडून लिहून घेतलेला माणूस होता तो. पण भाचा म्हणजे मानाचा. भाच्याकडं कागद मागितला तर आक्काला काय वाटेल?

मंथननं काम मात्र मन लावून केलं. रोज सकाळी अण्णांना घेऊन तो बांधाबांधानं फिरायचा आणि फोन त्यांच्या तोंडाजवळ धरायचा. कोणत्या शेताला काय नाव, कुठल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात टिकतं, कुठल्या रस्त्यावर पावसात रिक्षा येत नाही, कुठल्या भावकीत कज्जा चालू आहे. अण्णा बोलत सुटले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांचं मध्ये न बोलता ऐकत होतं. मंथननं त्याचे लेख केले. 'बेळगावजवळ घरासाठी जागा घेताना विचारायचे प्रश्न.' 'लष्करातून निवृत्त होताय? कंग्राळी का बघावी.' मराठीतही आणि कन्नडमध्येही. नकाशावर ऑफिसची खूण आली. फोटोत अण्णा खुर्चीत बसलेले, मागं त्यांची पाटी.

मग मंथन म्हणाला, लोकांचे अभिप्राय लागतील. तारे.

इथं काम अडलं. अण्णांनी भावकीला मारुतीच्या देवळात जमवलं आणि पहिले तारे कोणी द्यायचे यावर बोलणं सुरू झालं. गावात कुठल्याही गोष्टीचा पहिला मान पाटलांचा. मारुतीराव पाटलांकडं बटणाचा फोन. त्यांनी तारे दिल्याशिवाय बाकीच्यांनी कसे द्यायचे? भावकीतल्या गुंडूच्या सुनेनं घाईत आधी देऊन टाकले होते, ते तिला काढायला लावले. सगळी कंग्राळी थांबली. मंथननं कपाळाला हात लावला. शेवटी मारुतीरावांच्या नातवानं जुना टचफोन आणून दिला आणि पाटलांनी सांगितलं तसं त्यात उतरवलं: 'माणूस सरळ. बांध कोरत नाही.' पाच तारे. आमच्याकडं यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नाही. मग मानपानाच्या क्रमानं बाकीच्यांनी दिले. ज्यांनी अण्णांकडून वीतभर जागा घेतली नव्हती, त्यांनी जास्त लांब लिहिलं.

प्रत्येक अभिप्रायाखाली मालकाला उत्तर देता येतं, हे कळल्यावर अण्णा हरखले. चष्मा लावून एकेकाला स्वतः लिहायचे: 'आपला आभारी आहे. नागोजी.' मालुबाईलाही त्यांनी फोन केला.

"आक्का, तुझे तारे ऱ्हायले की गं."

"देईन की. मला काय घाई हाय?"

पावसाळा संपेतो अण्णा पहिले आले. कंग्राळी म्हटलं की नागोजी. रवळू दुसरा. परसूनं टपरीवर सगळ्यांना फोन फिरवून दाखवला. पुण्याहून, बेंगळुरूहून फोन येऊ लागले. अण्णांनी रवळूला रस्त्यात थांबवून उगाचच तब्येत विचारली.

असेच एकदा ऑफिसात बसले असताना मंथन म्हणाला, "मामा, तुमचा फोन उद्या हरवला, बिघडला तर हे सगळं जाईल. गूगलवरच्या या पानाची मालकी माझ्या खात्यावर घेऊन ठेवतो. सेफ राहील."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. धंदा तुमचाच. नुसतं नाव माझं. अंगठा ठेवा इथं."

अण्णांच्या एका हातात चहा होता. दुसऱ्या हाताचा अंगठा त्यांनी फोनवर ठेवला.

दिवाळी झाली आणि फोन येईनासे झाले. अण्णांना वाटलं, सणात लोकांचा खर्च झाला असेल. मग वाटलं, लग्नसराई आहे. कारणं शोधायला ते कमी पडले नसते, पण एक दिवस ऑफिससमोर सदलग्याची गाडी थांबली. शाळामास्तर नवरा-बायको. बाईंच्या हातात फोन.

"मंथन प्रॉपर्टीज हेच काय ओ?"

"न्हाय. हे नागोजी—"

"मग हा फोटो?" बाईंनी फोन पुढं केला. खुर्ची तीच, पाटी तीच, अण्णा तेच. वर नाव मंथन प्रॉपर्टीज, खाली नंबर मंथनचा. त्याखाली मारुतीराव पाटील: 'माणूस सरळ. बांध कोरत नाही.' त्याच्याखाली अण्णांचं स्वतःचं उत्तर: 'आपला आभारी आहे. नागोजी.' वर मोठ्या अक्षरात 'मालकाकडून'.

"तुम्ही इथं कामाला आहात होय?" मास्तरांनी सहज विचारलं.

अण्णा काही बोलायच्या आत बाईंनी नंबर लावला होता. स्पीकरवर मंथनचा आवाज आला. "पोचलात? छान छान. तिथं आमचा माणूस बसलेला असतो. वयस्कर आहेत, पण जागेची माहिती एकदम पक्की. ते दाखवतील."

अण्णा उठले. टोपी घातली. आणि खरं सांगायचं तर त्यांनी जागा दाखवली. विहीर दाखवली, पावसात रिक्षा कुठपर्यंत येते तेही सांगितलं. एवढ्या वर्षांची सवय. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला परत कसं पाठवणार? बाई जाताना म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना सांगा, तुम्ही चांगलं समजावलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या कोल्हापूर गाडीनं अण्णा निपाणीला उतरले. वाटेत त्यांनी मंथनला काय काय सुनवायचं ते ठरवलं होतं. घरात मंथन फोनवर होता. त्यानं हातानं 'बसा' म्हणून खूण केली आणि फोनात बोलत राहिला, "होय सर, गोठणीच्या माळाला पाणी बारमाही." हे वाक्य अण्णांचंच होतं, आवाजाच्या हेलासकट.

मालुबाई पाणी घेऊन आली. अण्णांनी तांब्या खाली ठेवला.

"आक्का, तुझ्या पोरानं गळा कापला माझा."

"काय केलं त्यानं?"

"अंगठा घेतला फसवून. माझं नाव काढून सोताचं टाकलं. मी खपून उभं केल्यालं सगळं!"

"वाचून दाखवलं न्हाय व्हय त्यानं?"

"कुठलं वाचून! ठेवा म्हणला, ठेवला. घरातला म्हणून ठेवला."

"व्हय," मालुबाई म्हणाली. "घरातला म्हणला की ठेवतंय माणूस."

मंथन फोन ठेवून आला. तो घाबरला नव्हता, उद्धटही बोलला नाही. "मामा, ऑफिस तुमचं आहे, बसा की. गिऱ्हाईक पाठवतोच मी. तुमचं काय कमी होतंय?"

"मालकी!"

"ती होय," मंथन म्हणाला.

अण्णा बहिणीकडं वळले. "तू तर सांग त्याला. सगळं गाव सांगतंय, नागोजी सरळ माणूस. कधी कुणाचा बांध कोरला न्हाय मी."

"न्हाय कोरलास रं नागू," मालुबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बांध कोरायला दुसऱ्याचं शेत बाजूला ऱ्हायला लागतंय. तू सगळंच घेतलंस."

"साडी दिली की गं! रीतीनं केलं. तू बी काय बोलली न्हाईस."

"दिलीस की. न्हाय कोण म्हणतंय? शहापूरची हुती. एका धुण्यात रंग गेला."

ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा हातात ताट होतं. ताटात कुंकू, नारळ, कोरा टॉवेल आणि पांढरी टोपी. दुकानातली घडी अजून मोडलेली नव्हती. आज घाईनं आणलेलं नव्हतं, कधीचं आणून ठेवलेलं होतं हे स्पष्ट दिसत होतं.

"हे काय?"

"रीत. तुझं काय घेतलं आसंल तर तुला बी मान नगो? उठ, पाटावर बस."

बहिणीचा आहेर नाकारायचा नसतो. अण्णा भावकीतल्या लोकांना हेच शिकवत आले होते. ते पाटावर बसले. मालुबाईनं कुंकू लावलं, जुनी टोपी काढून नवी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. टोपी मापात बसली. ती वाकून म्हणाली, "माहेर तुटू द्यायचं न्हाय, नागू."

मंथननं फोटो काढला.

परतीच्या गाडीत अण्णांनी ठरवलेलं सगळं बोलणं तसंच शिल्लक होतं. घरी मंगलवहिनींनी विचारलं, "काय म्हणाल्या आक्का?"

"टॉवेल-टोपी दिली."

वहिनी भाकऱ्या थापायला निघून गेल्या.

सकाळी परसू टपरी सोडून पळतच ऑफिसात आला. "अण्णा! पयला नंबर तुमचाच! आन् फोटो बगा, नवरदेवागत दिसतासा."

फोनात अण्णा होते. कुंकू, नवी टोपी, खांद्यावर टॉवेल. खाली ओळ: 'मंथन प्रॉपर्टीजचे ज्येष्ठ मार्गदर्शक.' मारुतीराव पाटलांनी फोटोला पसंती दिली होती, त्यामुळं आता बाकीच्यांनाही देता येत होती, आणि भावकी क्रमानं देत होती.

सगळ्यात वर एक नवा अभिप्राय होता. मालुबाई, निपाणी. पाच तारे. 'उशीर झाला, पण जागा मिळाली.'

अण्णांनी चष्मा लावला. ओळ पुन्हा वाचली. सवयीनं त्यांचा अंगठा त्याखाली उत्तर लिहायची जागा शोधू लागला. बराच वेळ शोधत होता. परसूला वाटलं फोनच बिघडला.

"काय झालं अण्णा?"

ती सोय फक्त मालकाला असते.