शालीऐवजी बिश्त

आयत्या वेळी ती मेली सत्काराची शाल कपाटात सापडेना. सापडला तो बिश्त, म्हणजे अरब उमराव समारंभात खांद्यावर घेतात तो काळा, पायघोळ, सोनेरी काठांचा झगा. माझ्या नवऱ्याला, प्रबोधला, दोह्याच्या क्लायंटने दिलेला आणि त्याने लाजून एकदाही न घातलेला. म्हटलं, संक्रांत आहे, काळं चालतंय!

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी तो श्रीधरकाकांच्या खांद्यावर घातला. दहा वर्षं आमच्या पोरांना मराठी शिकवणारे हे काका इतके भिडस्त की दुसरा तिळाचा लाडूही मागत नाहीत. सत्काराची शाल माणसं लगेच काढून घडी करतात. काकांनी काढलाच नाही. डाव्या हाताने काठ उचलला, मान ताठ केली आणि गुळपोळीसुद्धा त्यातच खाल्ली.

"काका, उकडत नाही?"

"शेखांना उकडतं का कधी, विनीता?"

तसेच ते एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत चढले, घरी चोआ चू कांगला जायला. दार बंद होताना त्यांनी आमच्याकडे बघून सावकाश हात उंचावला. भर फलाटावर आम्ही अकरा जणांनी मुजरा केला. सगळ्यात खाली वाकला होता प्रबोध.