पांदणीत मेला खग्रास

नागोराव टीव्हीवर इतक्या वेळा मेला की फुलसावंगीत त्याचं खरं नाव लोक विसरूनच गेले. दुसऱ्या ग्रहावरून पृथ्वी गिळायला येणारा राक्षस, नाव खग्रास. दर रविवारी यायचा, डोळे वटारायचा आणि शेवटी त्या गोऱ्यागोमट्या हीरोच्या हातून मरायचा. कधी जळून, कधी बुडून, कधी तोफेनं चिंधड्या होऊन. पुढच्या रविवारी पुन्हा हजर. लिहिणाऱ्यांना लाज नव्हती आणि बघणाऱ्यांना त्याच्याशिवाय करमत नव्हतं.

गावच्या दंडारीच्या खेळात उंचीपायी त्याला राक्षसाचं सोंग मिळायचं. तिथून मुंबईला गेला, तिथंही राक्षसच झाला. रबराचा मुखवटा डिंकानं चिकटवायचे आणि संध्याकाळी ओरबाडून काढायचे. एकदा मुखवट्यासोबत कानाच्या पाळीची कातडी निघून आली. हीरो पिऊन यायचा आणि खोटी लाथ खरी हाणायचा. जबडा मोडला, तारेनं बांधला, तरी नागोराव मरायला उभा राहिला. तो मेल्याशिवाय भाग कसा संपणार? पण मरायचा असा, की कॅमेरावालाही जवळ येऊन नाकाशी हात धरून बघे. आधी हात मरायला पाहिजे, असं तो सांगायचा. डोळे काय, झोपलेला माणूसही मिटतो.

मालिका नव्यानं निघाली तेव्हा त्याचा चेहरा यंत्रानं टिपून संगणकात घातला. आता चेहरा तेवढा मुंबईत मरतो. बाकीचा नागोराव साठीत आपल्या थोरल्या बहिणीकडं, सुखीबाईकडं राहायला आला.

सुखीबाई नवऱ्यामागं एकटीनं शेत वाहणारी. तिच्या तोंडी लागायची गावात कोणाची छाती नव्हती. या बहीणभावांचा चुलतभाऊ इंद्रजित मात्र लागला. ऐन कापूस वेचणीत त्यानं पांदण बंद केली. शेतात जायची तेवढी एकच वाट. तीत बोरीच्या काट्या आणून टाकल्या आणि म्हणाला, ही जागा माझी. सुखीबाईची कापसाची गाडी शेतातच अडकली.

सकाळी नागोराव त्याला समजवायला गेला. इंद्रजित कुऱ्हाडीनं बोरी तोडत होता. त्याचा पोरगा पिंटू, चांगला तिशीचा धटिंगण, बाजूला दांडकं घेऊन बसला होता.

"खग्रास आले बाबा," पिंटू म्हणाला. "पृथ्वी गिळाले आले काय, मोठे बाबा? आधी ह्या काट्या गिळा."

"मी तुह्या बापासंग बोलून राह्यलो, पोट्ट्या."

"बापाचं काय काम? इथला हीरो तं मी हावो."

नागोराव वाकून काट्या ओढू लागला. पहिला दणका पाठीत बसला, दुसरा डोक्यात. टीव्हीत माराचा आवाज मागाहून भरतात. इथं तो आधी आला, कवटीच्या आतून. तो तोंडावर पडला. डोळ्यात रक्त उतरलं. मारामारीचं काम करणाऱ्यांना कुठं थांबायचं ते ठाऊक असतं. हा पोरगा साप ठेचावा तसा मारत होता. आणखी एक बसला की खेळ संपला, हे नागोरावला कळलं.

म्हणून तो मेला. आधी उजवा हात मेला, मग मान, मग पोटातला श्वास पार तळाशी गेला.

"पिंट्या, थांब बे. मेला तो," इंद्रजित म्हणाला. कुऱ्हाड त्यानं खोडात रोवून ठेवली होती.

"नाटक हाये बाबा. जिंदगीभर हेच तं केलं त्यानं."

पिंटूनं बरगडीत लाथ घातली. हाड मोडल्याचं तिघांनाही ऐकू आलं. नागोरावचं बोटही हललं नाही. पिंटूच्या हातातलं दांडकं गळून पडलं.

"बाबा, हा खरंच मेला."

एवढ्या कळा येत असतानाही नागोरावला मनातून बरं वाटलं, की इतकं झकास मरण आपल्याला कधी साधलं नव्हतं. नटाची जात ती.

तेवढ्यात कापसाच्या पऱ्हाट्या तुडवत सुखीबाई आली. ती रडली असती, ओरडली असती तर बरं होतं. पण खोडातून कुऱ्हाड उपसल्याचा आवाज नागोरावनं ऐकला.

"बाई, आमचं ऐक..." इंद्रजित म्हणाला.

पहिला घाव पिंटूच्या खांद्यात गेला. तो गुरासारखा हंबरत नागोरावच्या शेजारीच कोसळला. इंद्रजितनं पडलेलं दांडकं उचललं, पण पुढं यायची हिंमत त्याला होईना. सुखीबाईनं पिंटूच्या छातीवर पाय दिला आणि त्याच्या मानेवर कुऱ्हाड उगारली.

पापणीच्या फटीतून नागोरावला सगळं दिसत होतं. पडून राहिलो तर जगलो. उठलो तर इंद्रजितच्या हातात दांडकं आहे, आणि पोराचं रक्त बघून त्याचं डोकं फिरलेलं आहे. पण न उठलो तर पोराची मान जाते, आणि बाईचं म्हातारपण तुरुंगात.

"बाई, मी हावो!"

कुऱ्हाड निघाली होती. त्यानं खालून हात घातला. पातं वाकडं गेलं, मान वाचली. नागोरावची दोन बोटं काट्यांत जाऊन पडली.

सुखीबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग डोकं फुटलं होतं त्याच बाजूनं तिनं त्याच्या कानाखाली काढली.

"मेलता नं तू?"

"सोंग होतं, बाई."

"सोंग त्यायच्यापुढं कर. माह्यापुढं कायले मेलास?"

इंद्रजितनं एकदा दांडक्याकडं पाहिलं, एकदा पोराकडं. दांडकं टाकलं आणि जीप आणायला पळाला.

महागावच्या दवाखान्याच्या वाटेवर मागं पिंटू कण्हत होता. त्याच्या खांद्यावर नागोरावनं आपल्या धड हातानं धोतराचा बोळा दाबून धरला होता. पुढं इंद्रजितशेजारी सुखीबाई बसली होती, मांडीवर कुऱ्हाड घेऊन.

"बाई, ते खाली ठेव नं. गाडी चालवाले हात थरथरते माहा."

"थरथरू दे. पांदण खुली करतं?"

"करतो."

"कधी?"

"वापस आल्यावर."

"मंग वापस आल्यावर ठेवीन," सुखीबाई म्हणाली. "रस्त्याकडं पाह्य."