न बदललेला चौकोन

नकाशा वरून खाली उतरत असे. आधी तुमसरकडचे डोंगर आणि आंबागडाची टेकडी, मग वैनगंगेची दुहेरी रेघ, भंडारा शहर, शहापूरवरून जाणारा मोठा रस्ता, आणि अगदी शेवटी, पडद्याच्या तळाशी, पवनी. नागपूरच्या मोठ्या संगणकावर हे चित्र बघता बघता तयार होई, पण टेलिफोनच्या तारेवरून भंडाऱ्याच्या पूर कक्षात येईपर्यंत पाऊण तास जाई. पावसाचे आणि नदीच्या पातळीचे आकडे नागपूरला जात आणि तिथून कुठे किती पाणी पसरणार याचं हे हिरवं चित्र रेघ-रेघ करत परत येई. पाणी असेल तिथे तिरप्या रेघा, नसेल तिथे कोरं.

"बाईसाहेब, तुमचा नकाशा बैलाच्या खासरानं येऊन राहिला काय?" कक्षातला शिपाई धनीराम चहाची किटली ठेवत विचारायचा. "पवनी दिसेस्तोवर मी सायकलनं पवनीले जाऊन वापस येतो."

विमला हसायची. ती पवनीचीच होती. तिथल्या कोष्ट्यांच्या खालच्या मोहल्ल्यात, नदीच्या अंगाला, तिच्या वडिलांचा माग होता. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून ती या नोकरीत आली तेव्हा मोहल्ल्यातली ती पहिली सरकारी बाई झाली होती.

कार्यकारी अभियंता पुंडलिकराव मात्र हसायचे नाहीत. "विमलाबाई, पाऊण तासापूर्वी पाणी कुठं होतं हे मला कळून काय फायदा? ते तर लोकांना आधीच कळलेलं असतं. त्यांच्या घरात शिरलेलं असतं."

त्या उन्हाळ्यात विमलानं यावर काम केलं. नकाशातलं बहुतेक काही बदलत नाही हे तिच्या लक्षात आलं. डोंगर, रस्ते, गावांची नावं दर खेपेला नागपूरहून कशाला यायला हवीत? ती तिनं भंडाऱ्यातच फ्लॉपीवर साठवली. मग उरलेल्या चित्राचे तिनं चौकोन पाडले. नागपूरच्या संगणकावर नंदलाल नावाचा तिचा वर्गमित्र होता. त्यानं त्या बाजूचा प्रोग्रॅम लिहून दिला. आधी पाठवलेलं चित्र आणि नवं चित्र तिथेच ताडून पाहायचं, आणि ज्या चौकोनात फरक पडला असेल तेवढाच पाठवायचा. बाकीचे चौकोन पडद्यावर होते तसेच राहणार.

पहिल्यांदा तो नकाशा आला तेव्हा धनीरामचा चहा कपात गरम होता. तो पडद्याजवळ आला, वाकून बघितलं, आणि म्हणाला, "पवनीले जाऊन यायले टाइमच नाही भेटला ना जी!" पुंडलिकरावांनी त्या दिवशी सगळ्यांसाठी आलुबोंडे मागवले.

पाऊस लागला आणि तार भिजली. जोडांमध्ये ओल गेली की तारेवर खरखर येई आणि चौकोन मोडके येऊ लागत. मोडका चौकोन ओळखायची सोय होती. प्रत्येकाबरोबर एक पडताळणीचा आकडा येत असे. तो जुळला नाही की भंडाऱ्याचं यंत्र चौकोन टाकून देई आणि नागपूरकडे पुन्हा मागत असे. तो पुन्हा येई, पुन्हा मोडे, पुन्हा मागितला जाई. जोराच्या पावसात नकाशा जवळपास पूर्वीइतकाच रेंगाळू लागला.

"नकाशा पावसातच लागतो, विमलाबाई," पुंडलिकराव म्हणाले. "कोरड्या दिवसांचा वेग घेऊन मी काय करू?"

त्यांचं बरोबर होतं. विमलानं विचार केला, मोडका चौकोन पुन्हा मागायचाच कशाला? टाकून द्यावा. थोड्या वेळानं नवा नकाशा येणारच आहे, त्यात तो दुरुस्त होऊन येईल. तिनं पुन्हा मागण्याच्या ओळी प्रोग्रॅममधून काढल्या. त्यानंतरच्या पावसात नकाशा झरझर उतरला आणि पुंडलिकरावांनी वरच्या कार्यालयाला कौतुकाचं पत्र धाडलं.

पोळ्याला ती घरी गेली तेव्हा तिचे वडील टिकाराम मागावर होते. खालच्या मोहल्ल्यात माग जमिनीत असतो. खड्ड्यात पाय सोडून विणकर काठावर बसतो, पायांनी पावडी दाबतो, हातानं धोटा फेकतो. टिकारामांनी एक रेशीमकाठी लुगडं मागावर चढवलं होतं. निम्मं विणून झालं होतं, पुढे ताण्याचे उभे दोरे तेवढे होते.

"बाबा, नदी चढून राहिली. वरचं धरण भरत आलं म्हणतात."

"भरू दे." धोटा इकडून तिकडे गेला. "मागच्या साली काय झालं तुले ठाऊक आहे ना? दवंडी आली, उठा म्हणे. उठलो. ताणा कापला, अर्धं लुगडं गुंडाळलं, पोरंसोरं घेऊन किल्ल्याच्या भिंतीवर जाऊन बसलो. पाणी आलंच नाही. त्याच्या मागच्या सालीबी तसंच. अर्ध्या लुगड्यावर कैची चालवली का मन खराब होते, विमे. माह्या बापानं जिंदगीत दोनदाच चालवली असन. मी दोन सालात दोनदा."

"मंग आता?"

"आता दवंडीनं उठत नाही." त्यांनी मान वर केली. "तू बसते ना तिथं, त्या पडद्यासमोर? पाणी येणार असन तं तुह्या हापिसातून निरोप येईन. तो आला का ताणा कापतो अन् उठतो. तोवर नाही."

तिची आई जानकीबाई चुलीकडून म्हणाल्या, "सगळ्या मोहल्ल्याले सांगत फिरते हा माणूस. आपली विमी पाणी पाहाते म्हणून. लाज वाटते मले."

"लाज कायची? पाहाते तं पाहाते."

"खड्ड्यात ओल आली आहे, ते पाहा आधी."

"पावसाळ्यात ओल येतेच ना वो. दर सालीच येते."

 वडिलांच्या त्या भरवशानं विमलाला बरं वाटलं होतं.

पूर आला तो दिवसाउजेडी. सकाळपासून पूर कक्षात दिवे लावावे लागले होते इतकं आभाळ काळं होतं. पवनीचा टेलिफोन पहाटेच बंद पडला होता. शेजारच्या खोलीत पोलिसांचा वायरलेस तेवढा चालू होता. पुंडलिकराव पडदा बघायचे, कोणती वस्ती उठवायची ते ठरवायचे आणि शेजारी जाऊन निरोप सांगायचे. पवनीला एकच मोटारबोट होती. ती पाठवायची कुठे, हेही पडद्यावरूनच ठरत होतं.

नकाशे वेगानं येत होते. तारेवर खरखर होती, तरी येत होते. नदीकाठचे चौकोन एकामागून एक तिरप्या रेघांनी भरत गेले. दुपार होताना पवनीच्या पलीकडच्या काठावरची दोन गावं भरली आणि पुंडलिकरावांनी बोट तिकडे धाडली.

विमलाची नजर तळाशी होती. पवनीच्या भोवतीचे चौकोन भरले होते. वरचा भरला, डावीकडचा भरला, उजवीकडचा भरला. मधला एक कोरा होता. खालचा मोहल्ला त्या चौकोनात होता.

आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. मग ते वाटणं तिचं तिलाच खटकलं. खालचा मोहल्ला उंचावर नव्हता. आजूबाजूला पाणी आणि सखल जागा कोरडी, असं कसं होईल? पुढचा नकाशा आला. चौकोन कोराच. त्याच्या पुढचा आला. कोराच.

साहेबांना सांगायला ती उठली आणि परत बसली. सांगायचं काय? की पडदा कोरडं दाखवतो आहे, पण माझ्या वडिलांचं घर आहे म्हणून मला ते ओलं वाटतं? आपल्याला अमुकच दिसावं असं जिथे मनातून वाटतं, तिथलं आपलं निरीक्षण दोनदा तपासावं, हे ती प्रयोगशाळेत शिकली होती. बोट एकच होती. पलीकडच्या गावांमधली माणसं झाडांवर बसली असल्याचे निरोप येत होते. तिला पुरावा हवा होता.

एकच चौकोन पुन्हा मागायच्या ओळी तिनंच काढल्या होत्या; तिनं पूर्ण नकाशाची आज्ञा दिली. पडदा कोरा झाला.

"हे काय केलं?" पुंडलिकराव दारात होते.

"एकदा सगळा नकाशा मागवते, साहेब. एका चौकोनाबद्दल शंका आहे."

"कुठल्या?"

"तळातल्या."

"आत्ताच सुचलं?" पण वायरलेसवर त्यांना हाक आली आणि ते वळले. "लवकर आटपा."

लवकर आटपण्यासारखं आता तिच्या हाती काही नव्हतं. नकाशा जुन्या पद्धतीनं निघाला, वरून. तुमसरकडचे डोंगर उमटू लागले. आंबागडाच्या टेकडीच्या रेघा एकेक करून आल्या. तिथे पाणी चढणार नव्हतं, कोणाला ती टेकडी बघायची नव्हती, तरी ती सावकाश, पूर्ण आली.

रेघा मोजल्यासारख्या बघताना विमलाला ते दिसलं. तिनं केलेल्या दोन सुधारणा वेगवेगळ्या चुकीच्या नव्हत्या. फरक पडलेलेच चौकोन पाठवायचे, हे बरोबर होतं. मोडका चौकोन पुन्हा मागायचा नाही, पुढच्या नकाशात दुरुस्त येईल, हेही बरोबर होतं, दर खेपेला सगळा नकाशा येत असता तर. पण नागपूरच्या यंत्रानं खालच्या मोहल्ल्याचा भरलेला चौकोन एकदा पाठवला होता. तो तारेवर मोडला, भंडाऱ्याच्या यंत्रानं टाकून दिला आणि कोणाला सांगितलं नाही. नागपूरच्या लेखी तो पोचला होता. आणि त्यानंतर त्या चौकोनात काही बदलायला उरलंच नव्हतं. जी जागा पूर्ण बुडते तिच्यात फरक पडणं थांबतं.

ती शेजारच्या खोलीत गेली. "साहेब, पवनीचा खालचा मोहल्ला. तिथे पाणी असावं. आधीपासूनच असावं."

"असावं म्हणजे? पडद्यावर तर कोरडा होता."

"तो चौकोन पोचला नसावा."

"नक्की?"

"नक्की नाही."

पुंडलिकरावांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही. "तुमचं घर तिथंच आहे ना?"

"हो."

"बोट पलीकडे गेली आहे, विमलाबाई. माणसं झाडांवर आहेत. पवनीच्या ठाण्यातून खालचा मोहल्ला दिसत नाही. मी ती कशाच्या आधारावर वळवू?" त्यांनी कपाळ पुसलं. "नकाशा कुठवर आला?"

"भंडाऱ्यापर्यंत."

"मग येऊ द्या. थोड्या वेळात दिसेलच."

ती पडद्यासमोर परत आली. धनीराम तिच्या मागे येऊन उभा राहिला. शहापूरचा रस्ता आला. मग खालची शेतं, तलाव, नदीचं वळण. धनीरामनं एकदाही विनोद केला नाही. पवनीची वरची कड उमटली, आणि मग, अर्धवट रेघांनी, मधला चौकोन भरत गेला. काठोकाठ भरला.

पुंडलिकराव धावत वायरलेसकडे गेले. बोट वळवली गेली. नदी पुन्हा ओलांडून येताना तिला फार वेळ लागला.

पाणी उतरल्यावर विमला पवनीला पोचली. खालच्या मोहल्ल्यात गुडघाभर गाळ होता. शेजारची घरं दवंडीलाच उठली होती, पण पाच-सात विणकर टिकारामांकडे बघून बसून राहिले होते. त्यातले बाकीचे छपरावर चढून वाचले. टिकारामांच्या मागाच्या पाठची मातीची भिंत एकाएकी खचली होती. ते खड्ड्यातून उठलेच नव्हते.

जानकीबाईंना शेजाऱ्यांनी वर ओढून घेतलं होतं. त्या किल्ल्याच्या भिंतीलगत, दुसऱ्यांच्या गोधडीवर बसल्या होत्या.

"पाय बुडाले तरी उठले नाही," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, चला. म्हणे थांब, विमीचा निरोप येतेच. कैची बाजूलेच होती. हातात घेऊन ठेवली होती त्यांनी." मग त्यांनी विचारलं, "तुही मशीन बिघडली होती काय?"

"नाही, माय."

"मंग?"

विमलाला सगळं नीट, क्रमानं सांगता आलं असतं. तिनं आईच्या पायांवरचा वाळलेला गाळ पुसायला घेतला. आईनं पाय मागे घेतले.

लुगडं मागावरच होतं. ताणा कुठेही तुटला नव्हता. मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्यानं कैची आणून विमलाच्या हातात दिली, कारण मुलगा नव्हता आणि कोणीतरी ते कापायला हवं होतं. ओल्या, गाळानं जड झालेल्या दोऱ्यांवर कैची चालेना. तिला पुन्हा पुन्हा दाबावी लागली.

पुढच्या पावसाळ्याआधी तिनं प्रोग्रॅम बदलला. मोडका चौकोन पुन्हा मागायच्या ओळी परत घातल्या. अधूनमधून पूर्ण नकाशा आपोआप येईल अशी सोय केली. आणखी एक बदल तिनं कोणाला न विचारता केला.

पहिल्या मोठ्या पावसात पुंडलिकराव येऊन तिच्यामागे उभे राहिले. पडद्याच्या तळाशी रेघा उमटू लागल्या होत्या.

"खालून वर येतो आहे?"

"हो, साहेब."

"आणि हळू."

"हो."

ते धनीरामनं पुढे केलेल्या खुर्चीवर बसले. त्या मोसमात त्यांनी वेगाचा विषय पुन्हा काढला नाही, कौतुकाच्या पत्राचाही नाही. बाहेर पावसाचा जोर वाढत होता, तारेवर खरखर होती.

पवनीचा चौकोन आला. कोरा होता. पडताळणीचा आकडा जुळत होता. विमलानं तो चौकोन पुन्हा मागवला.